मक्याचा कोंब, निळा झोत आणि फॉस्फेट : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. प्रकाशानुसार वनस्पतीची वाढ बदलते, त्यात प्रथिन कायनेजांचा वाटा काय, हे पाहायचं. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "आपल्याकडे किरणोत्सारी फॉस्फरस नाही, प्रतिपिंडं नाहीत. मग कायनेजचं काम तू बघणार कसं?"

माझं म्हणणं असं मांडलं. कायनेज म्हणजे एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला एक फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावरच्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लाला जोडणारं विकर. तो फॉस्फेट काढून टाकणारं विकर म्हणजे फॉस्फटेज. अरॅबिडॉप्सिससारख्या, प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या इवल्याशा झाडात कायनेजची जनुकं हजाराच्या घरात आहेत, माणसात साधारण पाचशे. यातली बहुतेक कायनेजं साखळीच्या मध्ये कुठेतरी बसलेली असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी त्यांचा माग लागत नाही. एका ठिकाणी मात्र निसर्गाने सोय करून ठेवलीय. रोप निळ्या प्रकाशाकडे वळतं तेव्हा प्रकाश ओळखणारं प्रथिन स्वतःच कायनेज असतं. त्याचं नाव फोटोट्रोपिन. म्हणजे प्रकाशाची मात्रा आपल्या हातात, वळणाचा कोन आपल्या हातात, आणि मधला पहिला दुवा कोणता तेही माहीत. मात्रा बदलत गेलो आणि कोन मोजत गेलो, तर त्या आकड्यांवर कायनेजची खूण उमटायलाच हवी. ती खूण दुसऱ्यांनी केलेल्या जैवरासायनिक कामाशी ताडून पाहायची.

मॅडम म्हणाल्या, "चालेल, पण मात्रेचा हिशोब चोख ठेव." तोच या प्रकल्पाचा कणा आहे.

११ जुलै

बियाणं आणलं. आफ्रिकन टॉल मका, चाऱ्यासाठी पेरतात तो. दुकानात थायरम लावलेलं गुलाबी बियाणं पुढे केलं, ते परत दिलं आणि औषध न लावलेलं मागून घेतलं. शिवाय मोहरी, घरच्या फोडणीची. मोहरी अरॅबिडॉप्सिसच्याच कुळातली, त्यामुळे तिकडच्या शोधनिबंधांशी तुलना करायला बरी.

विभागातली जुनी फोटोग्राफीची अंधारखोली मिळाली. विभागातल्या शिपाईमामांनी भिंतीवरच्या खिळ्याला काळं कापड ठोकून दिलं आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. आत हिरव्या जिलेटिनच्या तीन पदरांत गुंडाळलेला एक मंद दिवा, बाकी काही नाही. फोटोट्रोपिनला हिरव्याचं फारसं सोयरसुतक नसतं, म्हणून काम करताना हाच दिवा.

कोल्हापुरात पावसाची झड लागलीय. भिजवलेल्या दाण्यांवर बुरशी धरायला दोन दिवसही लागत नाहीत. सौम्य हायपोक्लोराइटमध्ये दाणे धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून मगच ओल्या कोकोपीटमध्ये लावतोय. प्रत्येक दाण्याचा अंकुर एकाच दिशेला येईल असं बघतो. मक्याचा कोलिओप्टाइल, म्हणजे पहिल्या पानाला गुंडाळून वर येणारं म्यान, आडव्या छेदात पुरता गोल नसतो, थोडा चपटा असतो. एकाने रुंद बाजू आणि दुसऱ्याने अरुंद बाजू प्रकाशाकडे केली तर कोनांची तुलना फसवी होईल.

१६ जुलै

पहिली खेप उगवली. पूर्ण अंधारातल्या रोपांत दाणा आणि कोलिओप्टाइल यांच्यामधला दांडा, मिसोकॉटिल, वेड्यासारखा लांबलाय. मंद लाल दिव्याखाली वाढवलेल्या ट्रेमध्ये तो आखूड आणि कोलिओप्टाइल सरळ, टणक. लांबलेल्या मिसोकॉटिलची रोपं आधीच कुठेतरी कलतात आणि मोजमापात घोळ घालतात, म्हणून यापुढे सगळी रोपं वरून मंद लाल प्रकाश देऊन वाढवायची. लाल प्रकाश फायटोक्रोम हे वेगळं प्रथिन ओळखतं. फोटोट्रोपिनला तो दिसत नाही. त्यामुळे वळणाच्या प्रयोगात त्याची थेट लुडबूड नाही. आडून काही आहे का, ते पुढे बघू.

संध्याकाळी एक ट्रे एका बाजूने निळ्या दिव्यासमोर आणि एक तसाच लाल दिव्यासमोर ठेवला. निळ्यासमोरचे सगळे कोंब माना वळवून बसले, लालसमोरचे ताठ. पुस्तकात शंभर वेळा वाचलेली गोष्ट, तरी प्रत्यक्ष बघताना अंगावर काटा आला.

१९ जुलै

आज फक्त वाचन. इतिहास एका पानात मांडायचा होता.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग गवताच्या कोंबांवरचे. टोक झाकलं तर कोंब वळत नाही. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर वळतो. म्हणजे प्रकाश जाणतं टोक आणि वाकतो त्याखालचा भाग, मधून काहीतरी खाली उतरतं. ते काहीतरी म्हणजे ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक, हे उट्रेख्टच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये ओटच्या कोंबांवर दाखवलं. छायेकडच्या बाजूला ऑक्सिन जास्त जातं, ती बाजू जास्त वाढते, कोंब प्रकाशाकडे झुकतो. मग शंका निघाली की उजेडाच्या बाजूचं ऑक्सिन नष्ट होत असेल का. विन्स्लो ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मक्यावरच दाखवलं की एकूण ऑक्सिन तेवढंच राहतं, फक्त वाटणी बदलते.

टोकात प्रकाश जाणणारं काय आहे, हा प्रश्न मात्र पुढची तीस वर्षं तसाच पडून होता. १९८८ मध्ये ब्रिग्ज यांच्याच गटाला वाटाण्याच्या कोवळ्या कोंबांत पेशीपटलावरचं एक प्रथिन सापडलं, साधारण १२० किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक) इतकं. निळा प्रकाश पडला की त्याच्यावर फॉस्फेट चढायचा. मक्यातही असंच, ११४ किलोडाल्टनचं. मक्यात ही क्रिया टोकाला सर्वांत जोरात, आणि खाली येऊ तशी मंद. डार्विनांनी टोपी घालून दाखवलेलं टोकाचं महत्त्व शंभर वर्षांनी प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवरच्या काळ्या पट्टीत दिसलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं वाटतं.

पुढचं भराभर झालं. १९९५ मध्ये अरॅबिडॉप्सिसची न वळणारी म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेली, रोपं मिळाली, १९९७ मध्ये जनुक हाती आलं, त्याच्या एका टोकाला सेरीन-थ्रिओनीन कायनेज निघालं. १९९८ मध्ये तेच प्रथिन कीटकांच्या पेशींत तयार करून पाहिलं. तिथे वनस्पतीचं दुसरं काहीही नव्हतं, तरी त्याने फ्लेविन हा प्रकाश शोषणारा रेणू पकडला आणि निळ्या प्रकाशात स्वतःलाच फॉस्फेट जोडला. डोळा आणि हात एकाच रेणूत.

२२ जुलै

आतली यंत्रणा चहा पिता पिता वर्गमित्रांना समजावली, तशीच लिहून ठेवतो.

फोटोट्रोपिनचे तीन भाग धरा. पुढे लॉव्ह१ आणि लॉव्ह२ असे दोन खिसे, शेवटी कायनेज. प्रत्येक खिशात एफएमएन हा फ्लेविन, तोच रायबोफ्लेविनपासून बनणारा. अंधारात तो खिशात नुसता बसलेला असतो. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा फोटॉन आला की शेजारच्या सिस्टीनमधल्या गंधकाशी त्याचा सहसंयुज बंध जुळतो. त्या धक्क्याने लॉव्ह२ च्या मागची एक मळसूत्री घडी सुटते आणि तोवर दाबून ठेवलेलं कायनेज मोकळं होतं. अंधारात गंधकाचा बंध आपोआप सुटतो आणि खिसा पूर्ववत होतो. कायनेज मोकळं झालं की ते आधी स्वतःच्याच अंगावर फॉस्फेट चढवतं. अरॅबिडॉप्सिसमध्ये फॉट१ आणि फॉट२ अशी दोन फोटोट्रोपिनं, त्यातल्या फॉट१ मध्ये ८५१ व्या जागेवरच्या सेरीनवरचा फॉस्फेट सर्वांत मोलाचा. तो चढू दिला नाही तर वळण, पर्णरंध्रं, पानांचं पसरणं, सगळंच ढेपाळतं.

एकाने विचारलं, मग फॉट२ कशाला? फॉट२ बऱ्याच कामांत फॉट१ चा जोडीदार आहे. शिवाय ऊन कडक झालं की हरितलवकांना पेशीच्या कडेला सरकवण्याचं काम मुख्यतः त्याचं.

२५ जुलै

मात्रेची मांडणी. कृषी महाविद्यालयातून फोटॉन मोजणारा क्वांटम मीटर उसना मिळाला. मोबाईलवरचं लक्सचं ॲप इथे कामाचं नाही. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतं आणि आपल्या डोळ्याला निळा फार फिका लागतो. रोपाला फोटॉन मोजून हवेत.

लेन्स नसलेला एकच निळा एलईडी घेतला. ५० सेंटिमीटरवर १० मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद मिळतील असा तो बसवला. अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई होते. म्हणजे १ मीटरवर २.५, २ मीटरवर ०.६२५, ४ मीटरवर ०.१५६ च्या आसपास. शेवटच्या आकड्याला मीटर नीट भरवशाचं वाचन देत नाही, म्हणून तिथे वर्गाच्या नियमाचाच आधार. भिंतींवरून परावर्तन झालं तर हा नियम कोलमडतो, म्हणून दोन्ही बाजूंना काळं कापड. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्राने अर्डुइनोवर टायमर बसवून दिला. हाताने पुठ्ठा सरकवून दोन सेकंद मोजणं शक्यच नव्हतं.

बेत असा. एकूण मात्रा सगळीकडे ५ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर. १ मीटरवर २ सेकंद, २ मीटरवर ८ सेकंद, ४ मीटरवर ३२ सेकंद. नंतर अंधार. शंभर मिनिटांनी हिरव्या दिव्यात फोटो, आणि इमेज-जे या सॉफ्टवेअरवर कोन.

३० जुलै

दोन सेकंदांचा झोत. पापणी मिटली तर चुकावा इतका. मग पूर्ण काळोख.

एक ट्रे शंभर मिनिटं थांबू न देता दर दहा मिनिटांनी बघत राहिलो. पहिली वीसेक मिनिटं काहीच नाही. अर्ध्या तासाच्या सुमारास टोकाच्या जरा खाली किंचित कणा वाकल्यासारखा. मग ते वाकणं खाली सरकायला लागलं. टोकाजवळचा भाग पुन्हा सरळ होत गेला आणि बाक कोंबाच्या पोटात उतरला. तासाभराने पूर्ण कोंब एका बाजूला झुकलेला, आणि ज्या दिव्याकडे झुकला तो दिवा केव्हाच विझलेला. एकाचं टोक भिंगाखाली धरलं तर छायेकडची बाजू ताणलेली, चकचकीत, आणि उजेडाकडच्या बाजूला बारीक आडव्या सुरकुत्या.

तिन्ही अंतरांवरचे आकडे जुळले. सरासरी वीस-पंचवीस अंशांच्या मध्ये, आणि तिन्हींमधला फरक रोपारोपांतल्या फरकाहून कमी. म्हणजे मंद प्रकाश जास्त वेळ द्या किंवा प्रखर प्रकाश क्षणभर द्या, फोटॉनांचा गुणाकार सारखा असेल तर कोन सारखा. बुन्सेन-रॉस्को यांचा नियम. याचा अर्थ या पल्ल्यात कोंब फोटॉन मोजतोय, आणि मोजणी पहिल्याच प्रकाशरासायनिक पायरीवर होतेय. किती फ्लेविनांनी गंधकाशी बंध जोडला, तितकी कायनेजं जागी झाली. पुढचं सगळं अंधारात.

५ ऑगस्ट

आजचा निकाल सर्वांना चकवणारा आहे, पण अपेक्षित होता. ५० सेंटिमीटरवर ३२ सेकंद, म्हणजे एकूण ३२० मायक्रोमोल. ५ च्या चौसष्ट पट. कोंब जवळजवळ ताठ. अधल्यामधल्या मात्रांचा आलेख काढला तर घंटेसारखा आकार येतो. चढ, माथा, उतार.

प्रकाश जास्त म्हणून वळण जास्त, असं का होत नाही? कारण कोंबाला दोन बाजूंमधली तफावत लागते. कमी मात्रेत उजेडाकडच्या बाजूची फोटोट्रोपिनं जागी होतात, आणि छायेकडे प्रकाश पोचेपर्यंत विरतो, म्हणून तिकडची बहुतेक निजलेली राहतात. मात्रा वाढवत नेली की उजेडाची बाजू भरून जाते, तिला आणखी काही करता येत नाही. छायेची बाजू मात्र भरत राहते. शेवटी दोन्ही सारख्या, तफावत शून्य, वळण शून्य.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. म्युनिकच्या गटाने १९९७ मध्ये ओटचे कोंब बाजूने प्रकाश देऊन उभे चिरले आणि दोन्ही अर्धुकांत ११६ किलोडाल्टनच्या प्रथिनावर किती फॉस्फेट चढलाय ते वेगवेगळं मोजलं. उजेडाच्या बाजूला जास्त, छायेच्या बाजूला कमी, आणि ही तफावत वळणाच्या मात्रेशी मिळतीजुळती. माझ्या आलेखातला उतार मी त्यांच्याच भाषेत वाचतोय.

छायेच्या बाजूला प्रकाश विरतो कसा, यावर २०२३ मध्ये लोझानच्या गटाने एक सुंदर गोष्ट दाखवली. अरॅबिडॉप्सिसच्या कोवळ्या दांड्यात पेशींच्या मधून हवेच्या बारीक नळ्या असतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून आत शिरताना तो झपाट्याने घटतो. ज्या म्युटंटमध्ये या नळ्या पाण्याने भरलेल्या राहतात त्याचा दांडा काचेसारखा पारदर्शक दिसतो आणि त्याला नीट वळता येत नाही. त्याची फोटोट्रोपिनं ठणठणीत. कायनेज कितीही चांगलं असलं तरी त्याला तफावत पुरवणारी शरीररचना हवी, हा मुद्दा अहवालात ठळक घ्यायचा.

८ ऑगस्ट

तीच ३२० ची मात्रा, पण ४ मीटरवरून अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. कोंब छान वळले. इथे बुन्सेन-रॉस्को नियम तुटतो, वेळेला स्वतंत्र किंमत येते. जुन्या वाङ्मयात याला दुसरं धन, म्हणजे प्रकाशाकडचं, वळण म्हणतात. आधीचं घंटेच्या आकाराचं ते पहिलं. शेतातल्या, खिडकीतल्या रोपांचं रोजचं वळण हेच.

१३ ऑगस्ट

वेळेला किंमत का, हे तपासायला सोपा डाव. आधी वरून प्रखर निळा झोत, म्हणजे सगळ्या बाजू भरल्या. मग अंधारात वेगवेगळा विसावा आणि त्यानंतर बाजूने ५ चा नेहमीचा झोत.

लगेच दिला तर वळण नावालाच. अर्ध्या तासाने बऱ्यापैकी. तासाभराने जवळजवळ पूर्ण. कोंबाची जाण परत येते, पण तिला अवधी लागतो. फोटोट्रोपिनवरचा फॉस्फेटही अंधारात असाच उतरतो, अर्ध्या-एक तासाच्या मापात, आणि मग ते प्रथिन पुन्हा प्रकाशाला प्रतिसाद द्यायला तयार होतं. ३४ मिनिटांच्या मंद प्रकाशात चढणं आणि उतरणं एकाच वेळी चालू राहतं, त्यामुळे दोन्ही बाजू कधीच सारख्या भरत नाहीत आणि तफावत टिकते. फॉस्फेट चढवणाऱ्या कायनेजइतकाच उतरवणारा फॉस्फटेज इथे महत्त्वाचा आहे.

खोलीत तापमान २४-२५ अंश राखणं या आठवड्यात जड गेलं. वीज दोनदा गेली, त्या दिवशीची रोपं मोजणीत धरलेली नाहीत.

२० ऑगस्ट

आजची नोंद लांब होणार. अहवालाचा मुख्य मुद्दा हाच.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत वर्तुळात फॉस्फेट काढतात आणि शेजारी अधिकचं चिन्ह. वाचणाऱ्याच्या मनात बसतं की फॉस्फेट चढला म्हणजे प्रथिन सुरू. फोटोट्रोपिनच्या स्वतःच्या बाबतीत ते बरोबर. पण त्याच्या शेजारच्या प्रथिनाकडे, एनपीएच३ कडे, पाहिलं की ही समजूत टिकत नाही.

एनपीएच३ नसेल तर फोटोट्रोपिन असूनही रोप वळत नाही. भातात त्याचं भावंड सीपीटी१. ते बिघडलेल्या भाताचे कोलिओप्टाइल प्रकाशाकडे वळत नाहीत, हे २००५ मध्ये जपानी गटाने दाखवलं, म्हणजे गवतांतही कारभार हाच. आता हे एनपीएच३ अंधारात पेशीपटलाला चिकटून असतं आणि अंधारातच त्याच्यावर बरेच फॉस्फेट असतात. निळा प्रकाश पडला की ते फॉस्फेट उतरतात. म्हणून अनेक वर्षं या विषयात 'प्रकाशाने एनपीएच३ चा फॉस्फेट जातो' हेच मुख्य वाक्य होतं. कायनेजच्या मार्गात पहिली ठळक खूण म्हणजे फॉस्फेट जाणं!

२०२१ मध्ये ट्युबिंगन आणि ग्लासगोच्या गटांनी चित्र पुरं केलं. प्रकाश पडताच फोटोट्रोपिन एनपीएच३ च्या अगदी शेपटाकडच्या, शेवटून तिसऱ्या अमिनो आम्लावर, ७४४ व्या सेरीनवर एक नवा फॉस्फेट चढवतं. त्या एका फॉस्फेटला १४-३-३ नावाचं प्रथिन येऊन धरतं, एनपीएच३ पटलापासून सुटतं आणि पेशीद्रवात गोळा होतं. इतर जागांवरचे फॉस्फेट उतरतात ते यानंतर. म्हणजे एकाच प्रथिनावर, एकाच प्रकाशात, एक फॉस्फेट चढतोय आणि बाकीचे उतरतायत. दोन्ही वाक्यं खरी आहेत, जागा वेगळ्या आहेत.

फॉस्फेट हा सरकारी कागदावरच्या शिक्क्यासारखा आहे. मंजुरीचाही असतो, नामंजुरीचाही, आणि कुठल्या रकान्यात उमटलाय ते पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही. म्हणून अहवालात 'फॉस्फेट जोडला जातो' असं मोघम वाक्य कुठेही लिहायचं नाही. कोणतं प्रथिन, कोणती जागा, प्रकाशात की अंधारात, आणि पुढे ते प्रथिन कुठे जातं, हे प्रत्येक वेळी लिहायचं.

ऑक्सिनपर्यंतचा पुढचा रस्ताही कायनेजांनीच भरलाय. ऑक्सिन पेशीबाहेर काढणारी पिन प्रथिनं डी६पीके आणि पिनॉइड या कायनेजांच्या हाताखाली चालतात. ही दोन्ही फोटोट्रोपिनच्याच एजीसी घराण्यातली. डी६पीके आणि तिची भावंडं नसली तर दांडा वळत नाही. फॉट१ स्वतः एबीसीबी१९ या दुसऱ्या ऑक्सिन-वाहकावर फॉस्फेट चढवून त्याचं काम थांबवतं. इथे पुन्हा शिक्का थांबवण्याचा.

मॅडमनी ही नोंद वाचून समासात लिहिलं, "हे सुरुवातीच्या प्रकरणात घे."

२५ ऑगस्ट

मोहरी. अंधारातली मोहरी पिवळी, लांबुडकी, मान खाली वाकवलेली. लाल प्रकाशातली आखूड, दलं उघडलेली. हे फायटोक्रोमचं राज्य. अंधारात पीआयएफ गटाची प्रथिनं दांडा लांबवणारी जनुकं चालू ठेवतात. लाल प्रकाशात फायटोक्रोम केंद्रकात शिरून त्यांना गाठतो, पीआयएफ३ वर फॉस्फेट चढतात आणि ते प्रथिन मोडीत निघतं. हे फॉस्फेट चढवणारी पीपीके नावाची कायनेजं २०१७ मध्ये ओळखली गेली. फायटोक्रोम स्वतःही कायनेज आहे का, यावर १९९८ पासून वाद आहे. २०१६ मध्ये त्याच्या बाजूने जोरदार पुरावा आला. माझं मत असं की फोटोट्रोपिनमध्ये कायनेज जितकं निर्विवाद आहे तितकं ते इथे नाही, आणि अहवालात दोघांना एका ओळीत बसवू नये.

निळ्या प्रकाशातल्या दांड्याच्या वाढीत एमकेके३ आणि एमपीके६ ही कायनेज-जोडी एमवायसी२ या प्रथिनामार्फत काम करते, हे दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकसंच संशोधन संस्थेतून २०१४ मध्ये आलेलं काम. आपल्या देशातलं म्हणून मुद्दाम टिपून ठेवलं, आणि काम भक्कम आहे म्हणूनही.

परवापासून गणपतीची सुट्टी. ट्रे धुऊन पालथे घातले.

९ सप्टेंबर

सुट्टीनंतर पहिलं काम केना या तणाचं. महाविद्यालयाच्या कुंपणालगत सगळीकडे केना माजलाय. त्याच्या पानाची खालची साल नखाने अलगद सोलून निघते आणि पर्णरंध्रं भिंगाखाली स्वच्छ दिसतात. साली पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात तरंगवल्या, सगळ्यांवर लाल प्रकाश, आणि निम्म्यांवर त्यातच थोडा निळा मिसळला. निळा मिळालेल्यांची फट स्पष्ट मोठी. निळा इतका थोडा होता की त्याने प्रकाशसंश्लेषण वाढून फट मोठी झाली असं म्हणता येत नाही.

इथेही सुरुवात फोटोट्रोपिनची. ते ब्लस१ या दुसऱ्या कायनेजवर फॉस्फेट चढवतं, हे २०१३ मधलं जपानी काम. साखळीच्या शेवटी पटलावरच्या प्रोटॉन-पंपाच्या शेवटून दुसऱ्या अमिनो आम्लावर, एका थ्रिओनीनवर, फॉस्फेट चढतो, त्याला १४-३-३ येऊन धरतं, पंप जोर धरतो आणि त्यातून फट उघडते. एनपीएच३ चं शेपूट, पंपाचं शेपूट, आणि दोन्हीकडे १४-३-३. एकीकडे प्रथिन पटल सोडून जातं, दुसरीकडे पटलावरच राहून वेगाने चालू लागतं.

गावाकडे मामांची भाजीच्या रोपांची वाटिका आहे. शेडच्या कडेच्या ओळीतली मिरचीची रोपं बाहेर झुकतात, काय करू, असं त्यांनी फोनवर विचारलं. ट्रे रोज फिरवा म्हटलं. शेडमध्ये दिवसभराचा मंद प्रकाश एकाच बाजूने येत असला की दुसरं धन वळण अखंड चालूच राहतं.

१७ सप्टेंबर

१६ जुलैला ठेवलेला प्रश्न हातात घेतला. लाल प्रकाश वळणात आडून काही करतो का? लाल प्रकाशात वाढवलेली रोपं आणि संपूर्ण अंधारातली निवडून घेतलेली सरळ रोपं, दोन्हींना निळ्या मात्रांची तीच मालिका दिली. घंटेचा आकार दोन्हींकडे आहे, पण माथा एकाच जागी नाही. लाल मिळालेल्यांना त्याच कोनासाठी जास्त निळा लागतो आणि त्यांचा उतारही उशिरा सुरू होतो. म्हणजे फायटोक्रोमचा आधीचा अनुभव फोटोट्रोपिनच्या हिशोबात शिरतो.

या दोन रस्त्यांच्या नाक्यावर पीकेएस कुळातली प्रथिनं उभी आहेत. पीकेएस१ हे १९९९ मध्ये फायटोक्रोमशी जुळणारं म्हणून सापडलं. २००६ मध्ये कळलं की ते फॉट१ आणि एनपीएच३ यांनाही चिकटतं आणि वळणाला लागतं. त्याचं भावंड पीकेएस४ आणखी बोलकं आहे. फॉट१ त्याच्यावर फॉस्फेट चढवतं. फॉस्फेट नसलेलं पीकेएस४ वळण वाढवतं, आणि प्रखर निळ्या प्रकाशात फॉस्फेट चढलेलं पीकेएस४ वळणाला आवर घालतं. तेच कायनेज एका हाताने वळणाची सुरुवात करतं आणि प्रकाश प्रखर झाला की स्वतःच लगाम ओढतं. हा निष्कर्ष अरॅबिडॉप्सिसचा आहे. मक्याच्या घंटेच्या उतारावर तो तसाच लावता येणार नाही, कारण तिथे काही सेकंदांचा झोत होता आणि दोन्ही बाजू भरून जाण्याचं कारण पुरेसं आहे. पण शेतातल्या भर उन्हात रोप वळत सुटत नाही, त्यामागे असा आवर असणं मला पटतं.

मॅडमना आलेख दाखवले. त्यांनी एकच सुचवलं. लाल प्रकाश बंद केल्यावर किती वेळाने निळा द्यायचा, तो अवधीही बदलून बघ. एक तास, चार तास, रात्रभर. फायटोक्रोमने घातलेला फरक किती वेळ टिकतो ते त्यातून कळेल. तिन्ही अवधींचे दाणे आज दुपारी भिजत घातलेत.